मोटारीचे नाक

मोटारीला पुढून आणि मागून जो धातूचा पट्टा बसवलेला असतो, त्याला आपण बंपर म्हणतो. मराठीत त्याला निराळे नाव कोणी दिले नाही आणि द्यावे असे कोणाला वाटलेही नसावे. ज्याचे काम केवळ दुसऱ्याचा धक्का आपल्या अंगावर घेणे एवढेच, त्याची दखल कोण घेतो? अशी माणसे सरकारी कचेऱ्यांतूनही असतात, पण तो आजचा विषय नव्हे. आजचा विषय असा की, जुन्या मोटारींचा नाद असलेल्या मंडळींत जाऊन बसले, तर याच उपेक्षित पट्ट्यावरून तासन्‌तास वाद चाललेला ऐकू येतो. तो ठेवावा की काढावा? आणि काढला, तर गाडी जुनी राहिली की दुसरीच झाली?

मोटार जन्माला आली तेव्हा तिला बंपर नव्हता. अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात तो सर्रास दिसू लागला, आणि बघता बघता धक्का सोसण्याचे मूळ काम बाजूला राहून तो दागिना झाला. पोलादी पट्टीवर तांब्याचा थर, त्यावर निकेलचा आणि सर्वांत वर क्रोमियमचा अतिशय पातळ थर, अशी त्याची घडण असते. गंमत अशी की, जी झळाळी आपण क्रोमियमची समजतो ती पुष्कळशी खालच्या निकेलची असते. क्रोमियम तिला काळे पडू देत नाही, इतकेच. या थरांना बारीक भेगा पडल्या की पाणी आत शिरते आणि चकाकत्या पट्टीवर गंजाचे ठिपके उमटतात. पुष्कळ जुन्या मोटारींचे बंपर प्रथम याच कारणाने निघाले. मुलामा देण्याचा खर्च मोठा, म्हणून पट्टी उतरवून ठेवली, आणि मग मालकाला गाडी तशीच बरी दिसू लागली.

परंतु हौसेने बंपर काढण्याची परंपरा कॅलिफोर्नियातली. तेथील म्युरॉक नावाच्या कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर १९३० नंतरच्या काळात तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्या पळवीत असत. खिशात पैसा थोडा आणि वेगाची भूक मोठी. नवे इंजिन घेणे परवडत नसे, तेव्हा गाडीचे वजन उतरवायचे. मडगार्ड काढा, समोरची काच काढा, बंपर काढा. १९३७ साली अशा हौशी मंडळांची एक संघटनाही दक्षिण कॅलिफोर्नियात उभी राहिली. महायुद्धानंतर मात्र वेगाच्या गरजेतून निघालेली ही रीत नुसत्या रूपासाठी पाळली जाऊ लागली. लॉस एंजेलिसमधील बॅरिस बंधूंचे नाव या कलेत प्रसिद्ध आहे. बॉनेटवरची चिन्हे काढून भोके शिशाने भरायची, दरवाजांच्या मुठी नाहीशा करायच्या, टप कापून खाली घ्यायचा, आणि पुढच्या दिव्यापासून डिकीपर्यंत एकच अखंड रेषा वाहती करायची, असा त्यांचा खाक्या. मूर्तिकार दगडातले नको ते काढून टाकतो म्हणतात. येथे तर पत्र्यातले काढायचे होते.

आता मी ज्या गाडीकडे वळतो, तिचे नाक मात्र कोणा कलावंताने घडवले नाही, ते एका सरकारी नियमाने घडवले. ही गाडी म्हणजे इंग्लंडातील एम.जी.बी. १९६२ साली ॲबिंग्डन या लहानशा गावच्या कारखान्यातून ती निघाली. दोन माणसांची, बुटकी, उघडी गाडी. श्रोत्यांनी ती डोळ्यांपुढे आणावी: समोर उभ्या रेघांची चकचकीत जाळी, तिच्या दोन्ही बाजूंस जरा मागे सारलेले दिवे, आणि खाली भुवईसारखी बारीक, वळणदार अशी बंपराची पट्टी. तिचा मोठा खप अमेरिकेत होता. तेथे लहानसहान धडकांतही दुरुस्तीची बिले फार होतात, अशी तक्रार होती, आणि ती रास्त होती. म्हणून असा नियम झाला की, १ सप्टेंबर १९७२ पासून तयार होणारी मोटार ताशी ५ मैलांच्या वेगाने समोरून आणि अडीच मैलांच्या वेगाने मागून अडथळ्यावर आदळली, तरी तिच्या दिव्यांना व इतर महत्त्वाच्या भागांना इजा होता कामा नये. पुढे बंपर जमिनीपासून किती उंचीवर असावा, हेही ठरवण्यात आले, म्हणजे एका गाडीचा बंपर दुसरीच्या बंपरालाच लागावा.

नियमात खोट काढावी असे काही नाही. माझ्या टेबलावरून ती फाइल गेली असती, तर मीही तिच्यावर सही केली असती. पण त्या बुटक्या गाडीचे काय झाले ते पाहा. सगळी गाडी नव्याने आखण्याइतका पैसा कारखान्यापाशी नव्हता. १९७४ च्या अखेरीस तिची नाजूक पट्टी गेली आणि तिच्या जागी आतून पोलादाचा आधार दिलेला काळा, जाड पॉलियुरेथेनचा ठोकळा आला. लोक त्याला रबरी बंपर म्हणतात. उंचीचे माप जुळावे म्हणून सबंध गाडीच सुमारे इंच-दीड इंच वर उचलण्यात आली. वळणावर गाडीला कलू न देणारी पुढची दांडीही काही काळ काढून टाकली गेली. परिणाम असा की, जी गाडी वळणावर रस्त्याला चिकटून जाण्याबद्दल नावाजलेली होती, ती डुलू लागली. आणि दोन तऱ्हेच्या गाड्या बांधणे परवडणारे नव्हते, म्हणून जो नियम इंग्लंडला लागूच नव्हता, त्याचे काळे नाक इंग्लंडातल्या गिऱ्हाइकांनाही पत्करावे लागले. १९८० साली गाडी बंद होईपर्यंत ते तसेच राहिले. पुढे १९८३ च्या गाड्यांपासून अमेरिकेने स्वतःच ५ मैलांची अट अडीचवर आणली, पण तोवर ॲबिंग्डनच्या कारखान्याला टाळे लागले होते.

तेव्हापासून हौशी मालक हा काळा ठोकळा उतरवून जुनी चकाकती पट्टी बसवीत आले आहेत. हे काम दिसते तितके सोपे नाही. ठोकळा आणि त्यामागचा पोलादी आधार बोल्ट खोलले की सुटतो. पण मग दिसते की, पुढच्या मडगार्डाचा खालचा पत्रा जुन्या गाडीहून निराळा कापलेला आहे, वळणाचे दिवे ठोकळ्यातच बसवलेले असल्याने त्यांना आता जागा नाही, आणि जाळीही दुसरी हवी. मागच्या बाजूचीही तीच गत. हे सारे करूनही गाडी उंचच राहते. ती खाली आणायची तर स्प्रिंगा, पाटे आणि पुढचा आडवा सांगाडा यांनाच हात घालावा लागतो. पट्टी बदलून तेवढ्यावर थांबणाऱ्याची गाडी, धोतर फार वर नेसलेल्या गृहस्थासारखी दिसते.

ही खटपट योग्य की अयोग्य? शुद्धतावादी म्हणतात, १९७५ ची गाडी काळ्या नाकाची जन्मली, तिला काळेच नाक हवे. मला हे पटते आणि पटतही नाही. एम.जी.बी. पाच लाखांवर तयार झाल्या. १९८८ पासून तर जुन्याच साच्यांवर ठोकलेले तिचे नवे सांगाडेही इंग्लंडात मिळू लागले. अशा गाडीच्या मालकाने आपल्या आवडीचे नाक बसवले, तर इतिहासाचे काही बुडत नाही. परंतु ज्या गाडीचे दोन-चारच नमुने उरले आहेत, तिच्या पत्र्याला करवत लावणाऱ्याचे मन मला समजत नाही. माझ्या मते भेद पाना आणि करवत यांचा आहे. पान्याने काढलेले पान्याने परत बसते. करवतीने कापलेले आणि शिशाने भरलेले मात्र कोणत्याही मिस्त्रीच्या हातून पूर्ववत होत नाही.

आपल्या देशात हा प्रश्न आता नुसत्या आवडीनिवडीचा राहिलेला नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनाच्या मूळ तपशिलात फेरफार करण्यास आळा घालते, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ काटेकोरपणेच लावला. त्याच्याही आधी, २०१७ च्या अखेरीस, बंपरापुढे जाडजूड नळ्यांचे कुंपण लावणाऱ्यांविरुद्ध कारवाई करावी, असे केंद्राने राज्यांना कळवले होते. मग जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी खास नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, आणि तिच्या क्रमांकात ‘व्ही ए’ ही अक्षरे येतात. या नियमांतल्या चासी-बॉडी-इंजिनच्या यादीत बंपराचा उल्लेख नाही. पण ‘मूळ स्वरूप’ हे शब्द तपासणाऱ्याच्या नजरेवर बरेच काही सोपवतात, हे मी माझ्या नोकरीच्या अनुभवावरून सांगू शकतो.

ज्या ॲम्बॅसडर गाड्यांतून आमच्या खात्याच्या दोन-तीन पिढ्या दौऱ्यावर गेल्या, त्यांतल्या पहिल्या गाड्यांनी आणि मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या जुन्या फियाटनी ही पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे. काल भंगारात निघालेली गाडी आज हौशी तरुण घरी आणतो, आणि पहिला हात बंपराला घालतो. त्याला माझे सांगणे एवढेच की, पट्टी खुशाल उतरवावी. परंतु तिच्या मागची भोके लांबीने किंवा शिशाने बुजवू नयेत, रबरी बुचे बसवावीत. पट्टी धुऊन, कोरडी करून, मेण लावून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावी. बोल्ट मात्र डब्यात घालून वर चिठ्ठी चिकटवावी. ॲम्बॅसडरचे ते इंची आट्यांचे असतात, आणि तसले बोल्ट आता कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत.