वाटेवरचा खाऊ

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सायखेडा येथे दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा शिक्षण, हुंडा किंवा संघटन यांपैकी एखाद्या विषयावर आम्ही बोलू, अशी मंडळाची अपेक्षा असावी. ते विषय थोर आहेत आणि त्यांवर आपल्यातील अधिकारी वक्ते बोलणारच आहेत. आम्ही मात्र एक लहानसा विषय निवडला आहे. यात्रेला, लग्नकार्याला किंवा आजोळी जाताना वाटेत लागणारी खाऊची दुकाने, हा तो विषय होय. कोणी म्हणेल, हा तर पोरांचा विषय. परंतु सारे आयुष्य पोरांतच काढलेल्या मास्तराने दुसरे काय बोलावे? शिवाय या दुकानांच्या बरण्यांत आणि टोपल्यांत थोरांनी विचार करण्याजोगेही पुष्कळ भरलेले होते, असे आमचे मत आहे.

आपले सायखेडे गोदाकाठचे. समोर चांदोरी, मध्ये नदी. आमच्या लहानपणी, म्हणजे साधारण १९६५ ते १९७५ या काळात, सबंध कुटुंबाने मिळून केलेला प्रवास म्हणजे बहुधा यात्राच असे. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला ओझरचा खंडेराव, पौषी पौर्णिमेला नैताळ्याचे मतोबा महाराज, पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ आणि चैत्री पौर्णिमेला सप्तशृंग गड, असे वर्षाचे वेळापत्रक ठरलेले असे. जवळच्या यात्रेला बैलगाडी जुंपावयाची आणि लांबच्या यात्रेला एस. टी. धरावयाची. राज्यातील पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली हे आपण जाणताच. परंतु खेड्यातील माणसाचा बैलावरचा विश्वास त्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकून होता.

गाडीत कडबा पसरलेला, त्यावर गोधडी, कोपऱ्यात भाकरी-पिठल्याची शिदोरी. पोट भरण्यासाठी वाटेत काही विकत घेणे हा त्या काळी उधळेपणा समजला जाई. विकत घ्यावयाचा तो फक्त खाऊ. तोही जाताना नव्हे, परतताना. जाताना मुलांनी दुकाने नुसती पाहून ठेवावयाची आणि देवदर्शन होईतो धीर धरावयाचा, हा कुळाचार होता म्हणा ना! फाट्यावर, नदीच्या उताराजवळ, एस. टी.च्या थांब्यापाशी, जेथे म्हणून वाहन क्षणभर थांबे तेथे एखादे पाल किंवा पत्र्याची टपरी असे. पुढे लाकडी फळीवर काचेच्या बरण्या, मागे परातींत गोडीशेव, रेवड्या, बत्तासे, फुटाणे आणि शेंगदाण्याची गुडदाणी. तिखट हवे असल्यास मुरमुरे, शेव, फुटाणे आणि शेंगदाणे एकत्र केलेला भत्ता. चैत्रात गाठ्यांच्या माळा टांगलेल्या असत. दशमान नाणी १९५७ सालीच आली होती आणि पाठोपाठ किलोग्रॅमची वजनेही आली. तरी आमची आजी तागडीसमोर उभी राहून "पावशेर दे रे बाबा" असेच म्हणे आणि दुकानदारालाही ते बिनचूक समजे.

हे पदार्थ साधे दिसतात, परंतु त्यांच्या पाठीशी मोठे कसब असे. रेवडीचेच पाहा. गुळाचा किंवा साखरेचा पाक घट्ट झाला की तो तेल लावलेल्या परातीत ओततात. हाताला सोसेल इतका निवाला की खुंटीला अडकवून ओढतात, दुमडतात आणि पुन्हा ओढतात. ओढता ओढता त्यात हवा शिरते आणि मघाचा तांबूस पाक पांढरा व हलका होऊ लागतो. मग त्याच्या वळ्या करून तुकडे पाडतात आणि ऊब आहे तोवरच भाजलेल्या तिळांत घोळतात. पाक जरा कच्चा राहिला तर रेवडी दाताला चिकटते आणि जरा पुढे गेला तर कडवटते. यासाठी यंत्र नव्हते, घड्याळही नव्हते. पाण्यात टाकलेल्या पाकाच्या थेंबावरून कारागीर ओळखीत असे. साखरेच्या पाकात थोडा लिंबाचा रस पिळल्याने तो पुन्हा दाणेदार होत नाही, हे रसायनशास्त्र त्याने कोणत्याही शाळेत न जाता जाणले होते. आम्ही पुढे वर्गात विज्ञान शिकविताना हेच उदाहरण देत असू आणि ते मुलांच्या ध्यानात पक्के राही.

या मुलखात गोडाची रेलचेल व्हावी यालाही कारण होते. दारणा धरण आणि नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला, गोदावरीचे कालवे वाहू लागले आणि उसाचे पीक वाढले. गुऱ्हाळे पेटली म्हणजे गावोगावच्या हवेला गुळाचा वास येई. गूळ गावचा, शेंगदाणा शेजारच्या शिवारातला, तीळ घरचे. रस्त्याकडेचे दुकान म्हणजे त्या त्या गावाच्या पिकाचा नमुनाच असे.

आपल्या जिल्ह्याने एक आधुनिक गोळीही साऱ्या देशाला दिली, याचा विसर पडू नये. मालेगाव तालुक्यातील रावळगाव येथे वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखरेचा उद्योग उभारला आणि १९४२ पासून तेथे गोळ्या तयार होऊ लागल्या. एस. टी.च्या थांब्यावरील बरणीत कागदात गुंडाळलेली रावळगावची गोळी दिसली म्हणजे मुलांचे डोळे लकाकत. यात्रेतील सुट्या रेवडीपेक्षा तिची ऐट निराळी. तिचा चकचकीत कागद वहीच्या पानांत जपून ठेवणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. पुढे 'पान पसंद' हे नाव घरोघरी झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या गोळ्यांची नावे आणि कृती २७ कोटी रुपयांस रिलायन्स समूहाच्या कंपनीने घेतल्या. व्यापारात अशा घडामोडी होतच असतात. परंतु ज्या गावाच्या नावाने गोळी ओळखली जाई, ते गाव आपल्या जिल्ह्यातले आहे, हे आपल्या नातवंडांना सांगावयास काय हरकत आहे?

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. तो खाऊ एकट्याचा नसे. पुडी वडीलधारे माणूस विकत घेई आणि सोडीही तेच. गाडीत सात मुले असली तर सात वाटे होत. त्यांत कोणाची आई कोण आणि कोणाचा बाप कोण, हे पाहिले जात नसे. आणि सबंध पुडी गाडीत संपविण्याची मुभा मुळीच नव्हती. निम्मा खाऊ घरी न्यावयाचा, कारण यात्रेहून आलेल्या माणसाच्या पाया पडावयास आळी लोटे. आलेल्या प्रत्येकाच्या हातावर चार चुरमुरे, दोन रेवड्या, एखादा बत्तासा पडलाच पाहिजे. अंथरुणास खिळलेली म्हातारी, नुकतीच बाळंत झालेली सून, मागे राहून गुरे सांभाळणारा गडी, ज्याच्या घरी यात्रेस जाण्यापुरते पैसे नव्हते असा शेजारी, या साऱ्यांचा त्या पुडीत हिस्सा असे. जो गेला त्याने न गेलेल्याचे देणे फेडावयाचे, हा त्यातील अर्थ होता. व्याख्याने देऊन जो बंधुभाव आपण शिकवू पाहतो, तो दोन रेवड्या न बोलता शिकवीत असत.

आणि गोडाची किंमत टंचाईत कळते. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीने पाहिला. त्या वर्षी यात्रा ओस पडल्या, पालांची संख्या रोडावली, बैल चाऱ्यावाचून खंगले. थोरली माणसे खडी फोडण्याच्या आणि रस्त्याच्या कामावर गेली. मुलांना गोड म्हणून मिळाली ती सुकडी. ती हातात घेऊन झाडाखाली बसलेली मुले अद्याप आमच्या डोळ्यांपुढे आहेत; त्यांतही पाठच्या भावंडासाठी सदऱ्याच्या ओच्यात थोडी बांधून नेणारी होती. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांचे कितीतरी रस्ते त्या दुष्काळी कामांवरील मजुरांच्या हातचे आहेत. आज आपण मोटारीने सुखाने जातो तेव्हा एवढे स्मरण असावे.

तथापि जुने ते सर्व सोने, असे म्हणणारांपैकी आम्ही नाही. त्या खाऊवर माश्या बसत, रंग कोणता घातला आहे याची चौकशी कोणी करीत नसे आणि यात्रेनंतर आठवडाभर मुलांची पोटे बिघडत. हे तर सोसता येण्याजोगे होते. सोसू नये असे दुसरेच होते. त्याच फळीसमोर काही मुलांना दूर उभे राहावे लागे. त्यांचा पैसा जमिनीवर ठेवावयाचा आणि पुडी त्यांच्या ओंजळीत वरून टाकावयाची, हे आम्ही बालपणी आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकानांत सर्वांस सारखा प्रवेश दिला होता, अस्पृश्यता हा गुन्हा ठरविणारा कायदा १९५५ साली झाला होता. पण तो त्या पालापर्यंत पोहोचावयास फार वेळ लागला. ज्या नाशिकात १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, त्या जिल्ह्यातील ही गोष्ट आहे. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे बोलणे काहींना रुचणार नाही. परंतु आमचा वाटा घराघरांत पोहोचत असे असे अभिमानाने सांगावयाचे आणि तो कोणत्या घराच्या उंबरठ्याशी थांबत असे ते झाकावयाचे, हे शिक्षकास शोभत नाही. आपला गोडवा आपल्या ज्ञातीपुरता राहिला तर त्याला गोडवा म्हणता येणार नाही.

हेच धोरण आम्ही शाळेच्या सहलींत ठेवले. त्र्यंबकला किंवा वेरूळला सहल गेली म्हणजे गाडी थांबताच मुले दुकानाकडे धावत आणि दोन-तीन मुले मात्र गाडीच्या सावलीत उभी राहून उगाच चाकाकडे पाहत बसत. त्यांच्या खिशात पैसा नसे, हे सांगावयास नको. म्हणून आम्ही नियम केला, की सहलीत कोणीही स्वतंत्र खाऊ घ्यावयाचा नाही. ज्याला जे जमेल ते त्याने निघण्यापूर्वी डब्यात टाकावे. किती टाकले हे कोणी विचारू नये. त्यातून एकच खाऊ घ्यावा, उपरणे पसरून त्यावर ओतावा आणि सर्वांनी सारखा घ्यावा. काही पालकांनी प्रथम कुरकुर केली. पुढे तेच डब्यात अधिक टाकू लागले.

आज चित्र पालटले आहे. मुंबई-आग्रा रस्ता रुंद झाला, नाशिक शहरावरून उड्डाणपूल गेला. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातील सिन्नर व इगतपुरी तालुक्यांतून जातो आणि ५ जून २०२५ पासून नागपूर ते मुंबईनजीकच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर सलग खुला झाला आहे. वेळ वाचला, दुखणाइतास दवाखाना जवळ आला. हे उपकार मोठे आहेत. पण दोहो बाजूंनी कुंपण असलेल्या रस्त्यावर पाल कोठे टाकणार? मोटार मध्येच थांबत नाही, आणि जेथे थांबते तेथे ज्याची त्याची पुडी वेगळी, ज्याचा त्याचा कप वेगळा.

ही गत केवळ आपली नव्हे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील ईस्टमन गावी स्टकी नावाच्या गृहस्थांनी मंदीच्या काळात रस्त्याकडेला पिकान नावाची, अक्रोडासारखी फळे विकावयास आरंभ केला. त्यांच्या पत्नी त्यांची मिठाई करू लागल्या. १९३७ साली पक्के दुकान झाले आणि पुढे अशी शेकडो दुकाने निघाली. सहकुटुंब मोटारीने जाणारी मंडळी तेथे हटकून थांबत. पुढे १९५६ च्या कायद्याने तेथे प्रशस्त राजमार्ग झाले आणि जुन्या रस्त्यांवरील दुकानांची वर्दळ आटली. त्या गृहस्थांच्या नातीने २०१९ साली तो धंदा पुन्हा हाती घेतला, हे वाचून आम्हांस समाधान वाटले. आठवण नुसती उगाळीत न बसता तिला कोणी तरी हात दिला, हे त्यातील विशेष.

आपणही थोडा हात देऊ शकतो. रस्ते उलटे फिरविणे आपल्या हाती नाही आणि तशी इच्छाही नाही. परंतु अजून फाट्यावर एखादी बाई टोपलीत राजगिऱ्याचे लाडू घेऊन बसलेली असते. ऑगस्ट २०१६ च्या पुरात सायखेडा-चांदोरीत पाणी शिरले, तेव्हा नदीकाठच्या लहान दुकानदारांची काय दैना झाली ती आपण पाहिली आहे. तरी पाणी ओसरल्यावर त्यांनी पुन्हा फळी मांडली. अशा ठिकाणी मोटार दोन मिनिटे थांबवावी. स्वच्छता आहे ना, हे अवश्य पाहावे, भावाची घासाघीस मात्र करू नये. साखरेचा विकार असलेल्यांनी स्वतः खाऊ नये, पण नातवाला घेऊन द्यावा. आणि घेताना घरापुरता न घेता शेजाऱ्यापुरता घ्यावा, मग तो शेजारी कोणत्याही ज्ञातीचा असो. मंडळाच्या वसतिगृहातील व शाळांतील मुलांच्या सहली निघतील तेव्हा तो एक डबा फिरवावा, ही आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. तिला खर्च काहीच नाही.

हातात आलेल्या गोड वस्तूचे प्रथम दोन तुकडे करावे आणि मग खावे, एवढी सवय पुढील पिढीस लागली, तर त्या जुन्या दुकानदारांचे ऋण फिटेल. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.