नटसम्राट आणि घरची वाटणी

(नवी मुंबईतील एका गावी शेतकरी व कारागीर मंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले. त्याच साली सिडको स्थापन झाली आणि आपल्या शेतांवर शहर उभे राहू लागले. नाटके पाहणे हा शिकलेल्यांचा शौक, असे कोणी म्हणेल. पण हे नाटक वाटणीचे आहे, आणि वाटणी तर आपल्या घरोघर आहे.

अप्पा बेलवलकर हा गाजलेला नट. निवृत्त झाल्यावर तो सारी मिळकत मुलगा नंदा व मुलगी नलू यांस देऊन टाकतो. हेतू किती चांगला! मुले सुखी असावीत, मागे तंटा राहू नये. परंतु मुलाच्या घरी लहानसहान गोष्टींवरून खटके उडतात. नवराबायको मुलीकडे जातात, तर तेथे चोरीचा आळ येतो. पुढे पत्नी कावेरी मरण पावते, आणि हा नटसम्राट बूटपॉलिश करणाऱ्या पोराच्या आधाराने रस्त्यावर दिवस काढतो.

हा घाला अकस्मात आला काय? नाही. मुलाच्या घरचा पहिला खटका हीच पुढील अनर्थाची सूचना होती. शिरवाडकरांनी या कथेचे बीज शेक्सपियरच्या ‘किंग लिअर’ नाटकातून घेतले. त्या राजानेही राज्य मुलींना वाटले आणि म्हातारपणी तो वादळात उघडा पडला. आभाळ भरून आले की आपण खळे झाकतो. घरातले आभाळ भरले, तर मात्र माया डोळे झाकते.

अप्पाची चूक देण्यात नव्हती, असे आमचे मत आहे. त्याने मिळकत सोडली, पण घरातले राजेपण सोडले नाही. मुलांनी मिळकत घेतली, आईबाप मात्र ओझे मानले. कोणी काय करावयाचे, हे आधी बोललेच गेले नाही.

आता आपले पाहा. १९८४ साली जासईच्या लढ्यात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचा मार्ग खुला झाला. आम्ही वर्गात एका मुलास विचारले, “घरी कोण कोण?” तो म्हणाला, “आजी आहे, पण या महिन्यात काकांची पाळी आहे.” त्या दिवशी पुढचा धडा आमच्याने शिकवला गेला नाही. ते पोर आजच पाळी शिकत आहे!

म्हणून सांगतो, मुलांना अवश्य द्या, पण राहती खोली आपल्या नावे ठेवा. बक्षीसपत्रात सांभाळाची अट स्पष्ट लिहा. ती मोडल्यास, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे साठी ओलांडलेल्यांस न्यायाधिकरणाकडे दाद मागून ते पत्र रद्द करवून घेता येते. अट लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. बांध घालणे म्हणजे काही शेजाऱ्याशी वैर नव्हे.

आणि तरुणांनो, कागदावर अट असो वा नसो, आईला पाळी लावू नका. अप्पाला पुढचा अंक ठाऊक नव्हता. आपण तो पाहिला आहे.