कागद जपला तर हक्क जपला

(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी बँकेत कारकून आहे. काउंटरमागे बसून एक गोष्ट शिकलो : न्याय आपल्या बाजूने असून भागत नाही, हाती कागद लागतो.

भारत सरकार शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. तेव्हा परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आमच्या वेळी अर्ज कॉलेजच्या लिपिकाकडून समाजकल्याण कार्यालयात जाई आणि कुठे अडकला ते कळत नसे. २०१७ नंतर निरनिराळ्या खात्यांच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी या एकाच ठिकाणी आल्या. अर्ज कोणाकडे थांबला ते आता घरबसल्या दिसते. ही सोय मोठी आहे, पण लक्ष ठेवण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर आली. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. "शिष्यवृत्ती आलीच नाही," म्हणत मुली रडवेल्या होऊन येतात आणि रक्कम जुन्या, विसरलेल्या खात्यात निघते. शिवाय २०२१-२२ पासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात देण्याची पद्धत आली. त्यातली फी कॉलेजची आहे, ती घरखर्चात जाऊ देऊ नका.

आता घरातली गोष्ट सांगतो. माझी थोरली बहीण ऊसतोडीला जायची. तिशीच्या आत पोटदुखीसाठी एका खासगी दवाखान्यात गेली. कॅन्सरची भीती घालून तिची गर्भपिशवी काढली. कंबर आजही धरते. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा समजले, ताई एकटी नव्हती. आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "केसपेपर कुठे आहे?" तो केव्हाच चुलीत गेला होता. मुदतही टळली होती. घरात शिकलेला मी. वेळेवर कागद मी मागायला हवा होता. ही बोच जात नाही.

म्हणून सांगतो. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. तक्रार दोन वर्षांत करावी लागते. उपचाराला भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही. दाखल रुग्णाच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. मात्र त्या जपण्याचे बंधन तीनच वर्षांचे आहे. तेव्हा दवाखान्यातून घरी येतानाच प्रती मागा.

संस्थेला माझी विनंती आहे : दर रविवारी विहारात एक टेबल मांडावे. तिथे शिष्यवृत्तीचा अर्जही भरावा आणि दवाखान्याचा कागदही वाचून द्यावा. एक रविवार मी बसेन. विद्यार्थ्यांनो, तुमच्या दाखल्यांच्या फाईलमध्ये आईचे केसपेपरही लावा. तिने तुमचे दाखले पत्र्याच्या पेटीत जपले, तिचे कागद आता तुम्ही जपा.

जयभीम! नमो बुद्धाय!