काळीतले घर आणि पाण्याची वाट

(जीर्णोद्धार सोहळ्यात ग्रामस्थांपुढे झालेले भाषण)



लोकांनी पै-पै जमवून देवळाचा जीर्णोद्धार केला. हे काम पिढ्यान्‌पिढ्या टिकावे, तशीच प्रत्येकाचे राहते घरही टिकावे, म्हणून पायाखालच्या मातीविषयी चार शब्द.

जुन्या माणसांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले, काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचे, पांढरीत राहायचे. पुढे वस्ती वाढली, पांढरी अपुरी पडली आणि घरे काळीत गेली. तिथे भिंतींना तडे जाऊ लागले.

काळी माती बेसाल्ट खडक झिजून बनते. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची अतिबारीक चिकणमाती असते. ती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याचमुळे. पावसाळ्यात घराच्या कडेची माती भिजून वर येते, मधली कोरडी राहते. उन्हाळ्यात कडेची वाळून खाली बसते. पाया असा कमीजास्त हलला की दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे जातात, दारे अडकतात. बैठे घर वजनाने हलके, म्हणून त्याला हा त्रास अधिक.

नवे घर बांधताना मुरूम जवळ लागत असेल तर पाया मुरमापर्यंत न्यावा. काळीचा थर खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब सुमारे ३.५ मीटर खोल घालतात. तेवढ्या खोलीवर ओल वर्षभर फारशी बदलत नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत पुढे आणली आणि १९७३ साली ती भारतीय मानकांतही आली.

बांधलेल्या घराचा इलाज कमी खर्चाचा आहे. पाणी पायाशी मुरू देऊ नये. पागोळ्या पडतात तिथे घराभोवती उतरती फरसबंदी करावी. न्हाणीचे पाणी पक्क्या गटाराने दूर न्यावे. पिंपळ, कडुनिंब भिंतीलगत लावू नयेत, त्यांची मुळे मातीतली ओल ओढतात. हे न करता नुसता तडा सिमेंटने बुजवला, तर तो पुन्हा उघडतो.

देवळालाही हाच नियम. अभिषेकाचे पाणी गोमुखातून पडल्यावर जोत्याशी साचू नये, पन्हळीने लांब जावे. दर वर्षी मृगापूर्वी ग्रामस्थांनी गटारे मोकळी करावीत. एवढे श्रमदान घडले, तर देणगीदारांचा पैसा मातीत जाणार नाही.