रस्त्यात मध्ये कोण आलं?

'रहदारी' हा शब्द आपण दिवसातून चार वेळा तरी वापरतो. तो फारसीतून मराठीत आला. 'राह' म्हणजे वाट आणि 'राहदार' म्हणजे वाटेची राखण करणारा. मोगलांच्या काळात वाटसरूंच्या आणि मालाच्या रक्षणासाठी म्हणून रस्त्यावर जो कर घेतला जाई, त्याला राहदारी म्हणत. कर घेणारे रक्षण किती करत आणि लुटत किती, हा भाग वेगळा. पण वाटेनं जाणारा सुखरूप पोचला पाहिजे, ही जबाबदारी त्या शब्दात होती. मराठीत मुरता मुरता ती गळून पडली आणि शब्दात उरली नुसती वर्दळ.

कविता लिहिणाऱ्याला शब्दांचा नाद सुटत नाही, म्हणून आणखी एका बोलण्याकडे तुमचं लक्ष वेधतो. सायकलला ट्रकनं किंवा जीपनं उडवलं की पाच मिनिटांत घोळका जमतो आणि त्यातला कुणीतरी हमखास म्हणतो, "सायकलवाला मध्ये आला." ट्रक मध्ये आला, असं कुणी म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. म्हणजे आपण मनातल्या मनात ठरवून टाकलंय की रस्ता इंजिनवाल्याचा, आणि पायडल मारणारा हा त्यात उगाच शिरलेला. जो रस्त्याचा हिशेबातच नाही तो समोर असूनही दिसत नाही. दिवसाढवळ्या, सरळ रस्त्यावर, लाल ओढणी घेतलेली मुलगी सायकलवर असते आणि नंतर चालक शपथेवर सांगतो, "मला दिसलीच नाही साहेब." तो खोटं बोलत असतो असंही नाही.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशातल्या रस्त्यांवर 1 लाख 68 हजार 491 माणसं मेली. त्यात सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा, त्यांच्याखालोखाल पायी चालणाऱ्यांचा. सायकलवर मेलेले चार हजारांहून अधिक. हा आकडा त्या मोठ्या आकड्यापुढं लहान वाटतो. पण रस्त्यावर सायकली तरी आता उरल्यात किती?

ज्या उरल्यात त्या कुणाच्या, ते बघा. शहरात आता हौसेची सायकल आली आहे, गिअरची, डोक्यावर हेल्मेट, पाठीमागं लुकलुकणारा दिवा. चांगली गोष्ट आहे. पण मराठवाड्यातल्या आमच्या रस्त्यांवर सायकल चालवतो तो दुसरं काही परवडत नाही म्हणून. रात्रपाळीचा वॉचमन, कॅरिअरला डबा बांधलेला गवंडी, दुधाचे कॅन लटकवलेला गवळी. पहाटे फजरच्या नमाजला जाताना आणि काकड्याला निघालेल्या आजोबांशी सलाम-रामराम करताना आम्हाला रस्त्यावर भेटतो तो पेपर टाकणारा पोरगा. हा मजकूर पेपरात छापून येईल तेव्हा तो बऱ्याच घरी सायकलवरूनच पोचलेला असेल.

आणि या सगळ्यांत आता एक मोठी संख्या आहे ती शाळेच्या मुलींची. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास ठरवलेल्या 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. लांबच्या मुलींना निळ्या एसटी गाड्या आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना सायकल, असा तो साधा हिशेब. बिहारनं 2006 साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली आणि हायस्कुलात नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण त्यामुळं वाढलं, असं अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी पुढं दाखवून दिलं. एका सायकलीनं एवढं होतं. आमच्याकडं सातवीपर्यंतची शाळा गावात असते, आठवीला फाट्यावरच्या गावात जावं लागतं. मधलं अंतर चार किलोमीटर. पोरीचं शिक्षण त्या चार किलोमीटरवर अडतं.

आता याच चार किलोमीटरवर गेल्या काही वर्षांत काय झालं? रस्ते सुधारले. खड्ड्यांतून हाडं खिळखिळी करून घेतलेल्या आम्हा लोकांना त्याचा आनंदच आहे. पण सिमेंटचा रस्ता झाला की गाड्यांचा वेग वाढतो आणि रस्त्याची कड उंच होते. साइडपट्टीवर मुरूम टाकलेला असतो, तो एका पावसाळ्यात वाहून जातो. मग सिमेंटच्या कडेला वीतभर खोल पायरी तयार होते. गाडीत बसलेल्याला ती दिसत नाही. तो मागून हॉर्न देतो आणि म्हणतो, "बाजूला हो की!" बाजू आहे कुठं? कडेवरून सायकलचं चाक खाली उतरलं की सायकल आडवी होते, आणि बऱ्याचदा ती रस्त्याच्याच बाजूला पडते.

एका शाळेत कवितावाचनासाठी गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर सायकल स्टँडजवळ मुलींशी गप्पा मारत बसलो. नववीतली एक मुलगी म्हणाली, "काका, मागून जोरात हॉर्न वाजला ना, की मागं बघावंच वाटतं. अन् मागं बघितलं की हँडल तिकडंच वळतं." सायकल शिकवणाऱ्या कुठल्याही पुस्तकापेक्षा नेमकं सांगितलं तिनं. उजव्या खांद्यावरून मान वळवली की उजवा हात ओढला जातो, सायकल उजवीकडं येते, म्हणजे ज्या गाडीपासून तिला दूर व्हायचंय त्या गाडीच्याच वाटेत. घोळक्यातला माणूस यालाच 'मध्ये आली' म्हणतो. म्हणून हॉर्न लांबूनच, हलका, एकदा द्यावा. जवळ येऊन कर्णा फुंकू नये. आणि हॉर्न दिला म्हणजे वाट मिळालीच, असंही समजू नये.

दुसरं अंतराचं. फ्रान्समध्ये सायकलवाल्याला ओलांडताना शहरात एक मीटर आणि शहराबाहेर दीड मीटर अंतर सोडावं लागतं, जर्मनीत 2020पासून शहरात दीड आणि बाहेर दोन मीटर. आपल्या रस्त्यावर टेप घेऊन कोण मोजणार, असं तुम्ही म्हणाल. मोजू नका. एवढंच धरा की ती मुलगी याच क्षणी तुमच्या बाजूला पडली, तरी तिचं डोकं तुमच्या चाकाखाली येता कामा नये. नववीतल्या मुलीची उंची साधारण दीड मीटर असते. तेवढी जागा नसेल तर तिच्या मागं मागं चालायचं, समोरची गाडी जाऊ द्यायची आणि मग ओलांडायचं. यात किती वेळ जातो? पंधरा सेकंद, फार तर वीस. मोठा ट्रक जवळून गेला की हवा आधी बाहेर ढकलते आणि मग आत ओढते. हे गाडीत बसणाऱ्याला कधीच कळत नाही, सायकलवर बसलेल्याला पहिल्याच दिवशी कळतं.

ताशी 80 किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. डोळ्यांना दिसलं, मेंदूला कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यातच सेकंद-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी एखाद्या लहान शाळेच्या पटांगणाएवढी पुढं गेलेली असते. आणि वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते.

आता चालकांची बाजू. ती ऐकल्याशिवाय बोलणं न्यायाचं होणार नाही. एसटीचे एक जुने ड्रायव्हर माझ्या शेजारी राहतात. त्यांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "कवीसाहेब, तुम्ही एकदा माझ्या सीटवर बसा. पोरं तीन-तीन सायकली एका ओळीत घेऊन गप्पा मारत चालतात. हात न दाखवता वळतात. उलट्या बाजूनं समोरून येतात. कानात गाणी. रात्री तर मागं साधा लाल तुकडा नसतो." खरं आहे त्यांचं. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती प्रत्येक आईबापानं मुलांना सांगावी. बसची किंवा ट्रकची डावी बाजू, दारापासून मागच्या चाकापर्यंत, चालकाला नीट दिसत नाही. चौकात बस थांबलेली असते, सायकलवाला डावीकडच्या फटीतून पुढं घुसतो, आणि तेवढ्यात बस डावीकडं वळते. मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, ते आतून कापत येतं. "आरशात तुम्हाला माझं तोंड दिसत नसलं तर मलाही तुम्ही दिसत नाही, एवढं सांगा पोरांना," असं ते म्हणाले. सांगितलं.

आमच्या लहानपणी सायकलला दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडून देत. त्या हवा सोडण्याचा आम्हाला भारी राग यायचा, पण त्या भीतीनं डायनामो दुरुस्त राहायचा. आता सायकलच्या दिव्याची काळजी ना पोलिसाला ना सायकलवाल्याला. खरं तर दिव्याचाही फार खर्च नाही. चमकणाऱ्या पट्टीचा हातभर तुकडा मडगार्डला आणि पायडलला चिकटवला तरी गाडीच्या उजेडात लांबून दिसतो. पायडलची पट्टी खालीवर होते, म्हणून ती आधी डोळ्यात भरते.

आणि ऊसाचा हंगाम सुरू झाला की सगळंच बदलतं. रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं दिवा नाही, मोठ्या आवाजात गाणी. समोरून येणारा जीपवाला डिपर न देता अप्परवर गाडी दामटतो. त्या झोतात सायकलवाल्याचे डोळे दिपतात, त्याला रस्ता दिसत नाही आणि जीपवाल्याला तो. समोर कुणी असलं की दिवा खाली करायचा, हा कायदा आहेच. पण आपल्याकडं डिपर फक्त मोठ्या गाडीसाठी दिला जातो. सायकलसाठी डिपर देणारा चालक दिसला की मला त्याला थांबवून चहा पाजावासा वाटतो.

शिष्टाचार आपल्याकडं नाही, असं मात्र मी मानणार नाही. आषाढीच्या वाटेवर कधी उभे राहून बघा. एवढ्या गर्दीत पुढं जायचं असेल तर माणूस "माऊली, माऊली" म्हणत जातो. तो शब्द ऐकून समोरचा बाजूला होतो. त्यात 'सरक' नाही, 'दिसत नाही का' नाही. पाण्याचा टँकर चालवणाराही खिडकीतून डोकं काढून माऊलीच म्हणतो. आमच्याकडं हदीसमध्ये एक प्रसंग सांगतात. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्यांना पैगंबरसाहेबांनी सांगितलं, बसायचंच असेल तर रस्त्याला त्याचा हक्क द्या. हक्क कोणता, असं लोकांनी विचारलं. तेव्हा नजर खाली ठेवणं, कुणाला त्रास न देणं, सलामाला उत्तर देणं, हे त्यांनी त्यात सांगितलं. रस्त्याचाही आपल्यावर हक्क असतो, ही कल्पना मला लहानपणापासून आवडत आली आहे. दोन्ही वाटांवर शिकलेली हीच माणसं स्टिअरिंग हातात आलं की कुठं जातात, कोण जाणे.

कायद्याच्या दोन गोष्टी सांगतो, कारण त्या गावात पोचलेल्या नाहीत. अपघात झालेल्याला दवाखान्यात नेलं तर आपल्यामागं पोलिसांचं लचांड लागेल, या भीतीनं लोक बघत उभे राहतात. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. मदत करणाऱ्याला आता असं अडकवता येत नाही, नाव-पत्ता सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. उचला आणि घेऊन जा. दुसरं, धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही, तरी नुकसानभरपाई मिळते. 1 एप्रिल 2022पासून ती मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर जखमेसाठी 50 हजार रुपये आहे. त्यासाठी अर्ज करावा लागतो.

सायकल स्टँडजवळ त्या मुलींनी मला जे सांगितलं त्यातलं एक अजून सांगायचं राहिलं. त्यांच्या शाळेत एका वस्तीवरून सात मुली सायकलवर यायच्या. मागच्या हिवाळ्यात एक जीप त्यांच्या अगदी जवळून गेली. कुणाला लागली नाही, नुसती जवळून गेली. एकीची सायकल कडेवरून घसरली, ती पडली आणि तिचा हात मोडला. जीप थांबली नाही. चालकाला बहुधा काही कळलंही नसेल. तिचा हात सहा आठवड्यांत बरा झाला. पण दुसऱ्या दिवसापासून सातही सायकली घरी राहिल्या. आईबापांना दोष कसा द्यायचा? पंधरा दिवसांत दोघींची स्थळं बघायला सुरुवात झाली.

शाळेतल्या बाई गप्प बसल्या नाहीत. त्या वस्तीवर गेल्या, घराघरात बसल्या. सरपंचांच्या मागं लागून त्यांनी वळणाजवळची साइडपट्टी मुरूम टाकून भरून घेतली. ज्यांचे ट्रॅक्टर आणि जीपा त्या रस्त्यानं जातात त्या आठ-दहा जणांना शाळेत चहाला बोलावलं आणि मुलींनाच बोलायला लावलं. त्यातल्या एकानं स्वतःच्या खर्चानं चमकणाऱ्या पट्टीचं बंडल आणून दिलं. मुली आता एकामागं एक, ओळीनं येतात, सर्वांत मोठी मागं.

सातांपैकी चार परत सायकलवर येऊ लागल्या. हात मोडलेली त्यांत आहे. एकीला तिचा भाऊ मोटारसायकलवर सोडतो, त्याला वेळ असेल त्या दिवशी. दोघी अजून आलेल्या नाहीत. बाई म्हणाल्या, त्यांची नावं अजून हजेरीपटावरून काढलेली नाहीत.