प्रकाशावर चालणारी शरीरातील यंत्रे



छातीत पेसमेकर बसवलेले एखादे वडीलधारे गृहस्थ आपल्यापैकी पुष्कळांच्या माहितीत असतील. काही वर्षांनी त्यांना पुन्हा इस्पितळात न्यावे लागते, तेव्हा घरचे घाबरून विचारतात, "यंत्र बिघडले काय?" बहुधा यंत्र ठीक असते; बॅटरी संपत आलेली असते. तेवढ्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया आणि पुन्हा खर्च! १९५८ साली स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला, तो काही तासांतच बंद पडला. २००१ साली ते वारले, तोवर त्यांनी २६ पेसमेकर वापरले होते.

मग शक्ती बाहेरूनच पाठवली तर? कानाच्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये तसेच करतात. बाहेर तारेचे एक वेटोळे, कातडीखाली दुसरे. परंतु वेटोळे फार लहान केले की मिळणारी शक्तीही घटते. अशा ठिकाणी प्रकाशाचा विचार सुरू होतो.

विद्यार्थी मित्रांनो, आज रात्री दिवा मालवून टॉर्चवर बोटे ठेवून पाहा. बोटे लालभडक दिसतील. रक्त हिरवा-निळा प्रकाश शोषून घेते, तांबडा पुष्कळसा पार होतो. त्याच्या लगतचा, आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश आणखी खोल जातो. मात्र बोटातल्या हाडाची सावली तुम्हांला दिसणार नाही, कारण मांसात प्रकाश विखुरतो. प्रकाश वाढवावा, तर मांस तापते. म्हणून शरीरात खोलवर हा मार्ग अजून अवघडच आहे.

पण एका अवयवाला निसर्गाने खिडकीच दिली आहे. तो म्हणजे डोळा.

म्हातारपणी काहींच्या नेत्रपटलाच्या मध्यभागातील, प्रकाश ओळखणाऱ्या पेशी मरतात. अशी दादी घरात भिंतीला न धडकता फिरते, पण तिला पुस्तकातले अक्षर आणि नातवाचा चेहरा दिसत नाही. तिच्या त्या मेलेल्या पेशींच्या लगतचे मज्जातंतू मात्र बरेचसे जिवंत असतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॅनियल पालंकर यांनी नेमका याचाच फायदा घेतला. 'प्रिमा' नावाची त्यांची चकती २ मिलिमीटर लांब-रुंद आणि केसाहून पातळ आहे. तिच्यावर ३७८ सूक्ष्म सौरघट आहेत. चष्म्यावरचा कॅमेरा समोरचे चित्र टिपतो आणि चष्मा ते अवरक्त प्रकाशात त्या चकतीवर पाडतो. ज्या घटावर प्रकाश पडेल तेथे वीज निर्माण होऊन जवळचा तंतू जागा होतो. आत बॅटरी नाही, तार नाही. निरोपही प्रकाशच आणतो आणि शक्तीही तोच! घरातला साधा उजेड यास पुरत नाही, म्हणून चष्मा हवाच. शिवाय अवरक्त प्रकाश दिसत नसल्याने कडेची शाबूत दृष्टी दिपत नाही.

युरोपात ३८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. वर्षानंतर तपासलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांना अक्षरांच्या तक्त्यावर लक्षणीय सुधारणा आढळली. दिसते ते रंगहीन आणि अस्पष्ट, आणि वाचायला काही महिने सराव लागतो. १९ जणांना गंभीर उपद्रवही झाले. त्यांतले बहुतेक दोन महिन्यांत निवळले.

पालकांना एक विनंती. काचबिंदूने डोळ्याची मुख्य नसच मेली असेल तर ही चकती निरुपयोगी आहे, कारण निरोप मेंदूपर्यंत जाणार कसा? तेव्हा असली बातमी दाखवून कोणी पैसे मागू लागला, तर आधी नेत्रतज्ज्ञांकडून रोगाचे नाव विचारून घ्या.

आणि मेडिकलला जागा मिळाली नाही की आपल्या घरात दोन दिवस कोणी धड जेवत नाही, म्हणून सांगतो: हे पालंकर शिक्षणाने डॉक्टर नव्हेत, पदार्थविज्ञानवाले आहेत. प्रिमाचा एकेक घट १०० मायक्रोमीटरचा आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत आता सुमारे २० मायक्रोमीटरच्या घटांचे प्रयोग उंदरांवर झाले आहेत.