चित्र आपले, उत्तरही आपले

कलाशाळेतील विद्यार्थ्याला शेवटी एक मोठे काम स्वतंत्रपणे पार पाडावे लागते. तोवर विषय गुरुजी देत असतात. आता तो स्वतःच शोधावयाचा असतो. हात तयार असतो, पण काय सांगावयाचे ते ठरत नाही. खरी कसोटी येथेच लागते.

या बाबतीत आपल्या गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांचे उदाहरण मननीय आहे. मुंबईतील वैद्यकीचा अभ्यास सोडून ते चित्रकलेकडे वळले आणि शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या सहवासात शिकले. येशू आणि मरिया भारतीय रूपात का दिसू नयेत, हा प्रश्न त्यांनी जन्मभर उराशी बाळगला. त्यांची मरिया साडी नेसते. गोव्यातील अनेक धर्मबांधवांना हे रुचले नाही. फोन्सेका पुण्यास गेले. तेथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना आसरा मिळाला. विषय मात्र त्यांनी सोडला नाही.

आमच्या कोरगावच्या मुलाला विषयासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पेडण्याकडचा दशावतार घ्या. रंग चढविणारा नट, मध्यरात्रीचा राजा, पहाटे रंग पुसून उरलेला थकलेला माणूस : एवढ्यावर वर्षभराची रेखाटने होतील. ती प्रथम त्या नटालाच दाखवावीत.

“असे का काढलेस?” असे कोणी विचारले, तर “गुरुजींनी सांगितले म्हणून” हे उत्तर आता चालणार नाही. ज्याला स्वतःचे उत्तर देता आले, त्याचे शिक्षण सार्थकी लागले.